गोरिलांबद्दल मला सारखे विचारले जाणारे प्रश्न (आणि त्यांची जरा लांबलचक उत्तरं)

गेली काही वर्षं मी शाळांमध्ये आणि सोसायट्यांमध्ये गोरिलांवर स्लाइड शो दाखवते आणि शो संपला की हात वर होतात ते बहुतेक याच प्रश्नांसाठी. म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलंय. माउंटन गोरिलांबद्दल जास्त लिहिलंय, कारण जीव सगळ्यात जास्त तिथेच अडकलाय.

गोरिला म्हणजे मोठं माकडच ना?

नाही. आपल्याकडे लालतोंडी माकडं आणि काळतोंडी वानरं असतात, दोघांनाही शेपूट असते. गोरिला, चिंपांझी, ओरांगउटान, गिबन आणि आपण, या सगळ्यांना शेपूट नाही, हा एप्सचा गट. डीएनए बघितला तर गोरिला आणि माणूस साधारण ९८ टक्के सारखे आहेत. चिंपांझी आपल्याला त्याहून थोडा जवळचा, पण गोरिलाही काही लांबचा नाही, चुलत घराण्यातलाच म्हणा.

गोरिला युद्ध आणि गोरिलाचा काय संबंध?

काहीच नाही. तो शब्द गुरिल्ला किंवा गेरिला, मूळ स्पॅनिश, अर्थ छोटं युद्ध, म्हणजे आपला गनिमी कावा. प्राण्याचं नाव वेगळ्याच वाटेने आलंय, एका प्राचीन दर्यावर्दीच्या आफ्रिका प्रवासाच्या ग्रीक वर्णनात 'गोरिलाई' असा शब्द आहे आणि १८४७ मध्ये या प्राण्याचं शास्त्रीय वर्णन झालं तेव्हा तोच उचलला. पेपरात सुद्धा ही गडबड होते म्हणून मुद्दाम लिहिलं.

किती प्रकारचे गोरिला असतात आणि राहतात कुठे?

सगळे आफ्रिकेतच. जाती दोन, पश्चिमेकडचे आणि पूर्वेकडचे, आणि प्रत्येकीच्या दोन उपजाती. पश्चिमेचा लोलँड गोरिला गॅबन, काँगो रिपब्लिक, कॅमेरून वगैरे भागातल्या सखल जंगलात असतो आणि संख्येने सगळ्यात जास्त तोच, २०१८ च्या एका मोठ्या अभ्यासात अंदाज निघाला साधारण ३ लाख ६० हजार. त्याचाच भाऊ क्रॉस रिव्हर गोरिला, नायजेरिया-कॅमेरूनच्या सीमेवरच्या डोंगरात, तो मात्र ३०० च्याही आत. पूर्वेला डेमोक्रॅटिक रिपब्लिक ऑफ काँगोमध्ये (हा शेजारचा वेगळा देश, पुढे नुसतं काँगो म्हटलं की हाच) ग्राउअर्स गोरिला, आकाराने सगळ्यात मोठा. आणि चौथा माउंटन गोरिला, जो फक्त दोन ठिकाणी आहे, रवांडा-युगांडा-काँगो जिथे मिळतात तिथले विरुंगा ज्वालामुखी आणि युगांडातलं ब्विंडीचं जंगल. ब्विंडी म्हणजे ३०० चौरस किलोमीटरच्या थोडं वर. जगातले सगळे माउंटन गोरिला या दोन जंगलांत आणि ही दोन जंगलं आता एकमेकांना जोडलेलीही नाहीत, मधे सगळी शेतं.

एवढा अवाढव्य प्राणी नुसता पाला खाऊन कसा जगतो?

हा प्रश्न नेहमी मांसाहारी लोक विचारतात! मोठा नर १५० ते २०० किलोपर्यंत जातो, मादी साधारण त्याच्या निम्मी. माउंटन गोरिलाचं जेवण म्हणजे रानटी सेलरी, काटेरी झुडपांचे दांडे, खाजकुइलीसारखी अंगाला आग लावणारी पानं, वेली, आणि सीझनला बांबूचे कोंब. एक मोठा नर दिवसाला २० किलो, कधी त्याहून जास्त हिरवं फस्त करतो. पोट एवढं सुटलेलं दिसतं ते चरबीने नाही, आत लांबरुंद मोठं आतडं आहे आणि त्यात जंतू हा सगळा चोथा आंबवून त्यातून ताकद काढतात. डोक्यावर जो उंच टेंगूळ दिसतो त्यावर चावायचे स्नायू बसलेले असतात. सुळे भयंकर मोठे असतात खरे पण ते शिकारीसाठी नाहीत, दुसऱ्या नराला दाखवायला आणि वेळ आलीच तर त्याच्याशी भांडायला. पाणी पिताना हे डोंगरातले गोरिला फार क्वचित दिसतात कारण पाल्यातूनच भागतं. पश्चिमेकडचे गोरिला मात्र फळांचे शौकीन, फळं शोधत जास्त लांब फिरतात, वाळवी आणि मुंग्याही खातात.

छाती बडवतो म्हणजे चिडलाय का?

दरवेळी नाही. पहिली गोष्ट म्हणजे मुठी आवळून बडवत नाहीत, ओंजळीसारखे किंचित खोलगट हात करून थापा मारतात, ढोलकीसारखा पोकळ आवाज येतो आणि तो किलोमीटरभर ऐकू जातो. नराच्या गळ्याशी हवेच्या पिशव्या असतात, त्यांनी तो आवाज आणखी घुमतो. २०२१ मध्ये रवांडातल्या गोरिलांवर अभ्यास झाला त्यात कळलं की नर जितका मोठा तितका हा आवाज खर्जातला. म्हणजे गर्द झाडीत समोरचा दिसत नसतानाही दुसऱ्या नराला अंदाज येतो की हा केवढा आहे, याच्याशी भांडायचं की निमूट वाट बदलायची. म्हणजे छाती बडवणं हे बरेचदा मारामारी टाळायचं साधन आहे, सिनेमातल्या किंगकाँगने अगदी उलटं डोक्यात भरवलंय. आणि पिल्लंही बडवतात, उगाच, खेळताना, आणि तोल जाऊन मागे पडतात.

सिल्व्हरबॅक म्हणजे वेगळी जात का?

नाही नाही, तो वयात आलेला नर. साधारण बाराव्या-तेराव्या वर्षी पाठीवरचे केस चंदेरी होतात म्हणून सिल्व्हरबॅक. आपल्याकडे वानरांच्या टोळीत हुप्प्या असतो ना, तसा ग्रुपचा मुख्य. कुठे चरायचं, दुपारी कुठे टेकायचं, रात्री कुठे झोपायचं हे तो ठरवतो, भांडणं सोडवतो, आणि संकट आलं तर पुढे तोच होतो. माउंटन गोरिलांमध्ये एका ग्रुपमध्ये दोन-तीन सिल्व्हरबॅकही गुण्यागोविंदाने राहतात पण मुख्य एकच. मोठ्या झालेल्या माद्या जन्माचा ग्रुप सोडून दुसरीकडे जातात, कुणाकडे जायचं हे त्या स्वतः ठरवतात, नर पळवून नेतो वगैरे नाही. झोपायला रोज संध्याकाळी प्रत्येक जण पाला-फांद्या वाकवून नवीन घरटं करतो, जमिनीवर किंवा झाडावर, अगदी लहान पिल्लू तेवढं आईजवळ झोपतं. हे घरट्याचं लक्षात ठेवा, पुढे मोजणीत येतं.

पिल्लांना कोण सांभाळतं? नर पिल्लांना मारतो असं ऐकलंय.

दोन्ही खरं आहे. गरोदरपण साडेआठ महिने, जन्मलेलं पिल्लू जेमतेम २ किलोचं म्हणजे आपल्या बाळापेक्षाही हलकं, आणि तीन-साडेतीन वर्षं आईच्या अंगावर पितं म्हणून दोन पिल्लांमध्ये साधारण चार वर्षांचं अंतर. एक मादी आयुष्यात मोजकीच पिल्लं वाढवते, त्यामुळे एकेक मरण फार महाग पडतं.

मुख्य नर मेला आणि बाहेरचा नर आला तर तो अंगावरची पिल्लं मारू शकतो, कारण त्याशिवाय आई लवकर पुन्हा माजावर येत नाही. ऐकवत नाही पण असं वानरांमध्येही होतं, आपल्या शेजारच्या धारवाडला एका जपानी संशोधकाने साठच्या दशकात ते नोंदवलं होतं. पण आपल्याच ग्रुपमधल्या पोरांशी सिल्व्हरबॅक किती मऊ वागतो ते बघायला हवं, पोरं त्याच्या पाठीवर घसरगुंडी करतात आणि तो डोळे मिटून पडून असतो. रवांडातल्या पन्नास वर्षांच्या नोंदी चाळून २०२१ मध्ये एक गोष्ट पुढे आली ती मला कधीच विसरता येत नाही, आई मेलेली किंवा सोडून गेलेली छोटी गोरिला पोरं इतरांच्या मानाने मागे पडत नाहीत, कारण ग्रुप त्यांना जवळ करतो आणि त्यातही सगळ्यात जास्त तो सिल्व्हरबॅक, रात्री आपल्या घरट्यात घेऊन झोपतो.

माणसावर हल्ला करतात का?

डिवचल्याशिवाय सहसा नाही. पहिल्यांदा आवाज, मग छाती, मग झुडपं उपटणं, मग धावून येणं, आणि बहुतेक वेळा तो दोन-चार पावलांवर येऊन थांबतो. गाईड शिकवतात की पळायचं नाही, खाली बसायचं, नजर जमिनीकडे. १९८६ मध्ये जर्सी बेटावरच्या झूमध्ये एक पाच वर्षांचा मुलगा कुंपणात पडून बेशुद्ध झाला तेव्हा जांबो नावाचा सिल्व्हरबॅक त्याच्या आणि बाकीच्या गोरिलांच्या मधे उभा राहिला आणि हलकेच पाठीला हात लावून बघत होता, त्याचं शूटिंगही आहे.

हुशार असतात का?

हो. काँगो रिपब्लिकच्या नुआबाले-एन्डोकी पार्कात लिया नावाच्या मादीने दलदलीत शिरण्याआधी काठीने पाण्याची खोली बघितली होती, ते २००५ मध्ये फोटोसकट छापून आलं. आणि २०१२ मध्ये रवांडात चिमुरड्या गोरिलांना शिकाऱ्यांचे फास मोडताना ट्रॅकर्सनी पाहिलं, ग्रुपमधलं एक पोर फासात अडकून मेल्यानंतर काही दिवसांतच.

माउंटन गोरिला वाढतायत हे खरंय का व्हॉट्सॲपवरची अफवा?

खरंय, आणि हे मला मनापासून सांगायचंय. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला विरुंगामध्ये २५० च्या आसपास उरले होते आणि तेव्हा जाणकार म्हणत होते की शतक संपेपर्यंत हा प्राणी संपेल. २०१० मध्ये तिथे ४८० निघाले, २०१५-१६ च्या मोजणीत ६०४. ब्विंडीमध्ये २०१८ च्या मोजणीत ४५९. मिळून १,०६३. नोव्हेंबर २०१८ मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेने त्यांना 'अतिशय धोक्यात' मधून काढून 'धोक्यात' या यादीत घेतलं. मोजणी कशी करतात, तर टीम्स जंगल शेजारी शेजारी पट्ट्यांमध्ये विंचरून काढतात, रात्रीची घरटी मोजतात आणि घरट्यातल्या लेंड्यांमधून डीएनए घेतात म्हणजे एकच गोरिला दोनदा मोजला जात नाही.

आता हे झालं कसं? एकट्या कुणाचं हे काम नाही. १९५९-६० मध्ये प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शेलर विनाशस्त्र त्यांच्या समोर शांत बसून राहिले आणि हा प्राणी राक्षस नाही हे पहिल्यांदा नीट लिहिलं (हेच शेलर नंतर कान्हाला येऊन वाघांवर काम करून गेले). १९६७ मध्ये गोरिलांच्या अभ्यासक डायन फॉसी यांनी रवांडात कारिसोके इथे कॅम्प टाकला, त्यांचा लाडका गोरिला डिजिट १९७७ च्या शेवटच्या दिवशी शिकाऱ्यांनी मारला, आणि डिसेंबर १९८५ मध्ये त्यांचाही त्याच कॅम्पमध्ये खून झाला. पण मला वाटतं त्यांच्या नावापुढे आपण इतरांना विसरतो, ते म्हणजे तिथले ट्रॅकर्स, रवांडा, युगांडा, काँगोचे गावकरी. हे लोक रोज सकाळी, पाऊस असो चिखल असो, आदल्या रात्रीच्या घरट्यापासून माग काढत प्रत्येक ग्रुपपर्यंत जातात, प्रत्येक गोरिलाला नाकावरच्या सुरकुत्यांवरून ओळखतात (आपले बोटांचे ठसे तसे त्यांचे नाकाचे ठसे), हजेरी घेतात, फास काढतात, कुणी लंगडतंय, कुणी खोकतंय हे कळवतात. मग गोरिला डॉक्टर्स नावाच्या संस्थेचे व्हेट्स (जनावरांचे डॉक्टर) चढून येतात आणि जंगलातच बंदुकीने इंजेक्शन देतात, फास कापतात. हे काम १९८६ पासून चालू आहे.

आणि याचा फरक मोजलाय. २०११ मध्ये विरुंगाचा चाळीसेक वर्षांचा हिशोब मांडला तेव्हा दिसलं की माणसाची सवय झालेले, रोज पहारा आणि औषधपाणी मिळणारे ग्रुप वर्षाला साधारण ४ टक्क्यांनी वाढले, आणि त्याच डोंगरात ज्यांच्याकडे असं कुणी जात नव्हतं ते हळूहळू घटत होते. नुसतं पार्क म्हणून बोर्ड लावून हे झालं नसतं, रोज कुणीतरी चालत गेलं म्हणून झालं.

मग आता काळजी नाही?

आहे ना, आणि सगळ्यात मोठी काळजी आपला खोकला. आपल्याला होणारी सर्दी, फ्लू, गोवर त्यांनाही होतं आणि त्यांना ती सवय नसते. २०२१ च्या जानेवारीत अमेरिकेत सॅन डिएगोच्या सफारी पार्कमधल्या गोरिलांना कोविड झाला होता. १९९६ ची ब्विंडीची गोष्ट ऐका. तिथल्या एका ग्रुपला खरूज झाली, केस गळाले, एक पिल्लू गेलं. युगांडाच्या पहिल्या सरकारी वन्यजीव व्हेट ग्लॅडिस कालेमा-झिकुसोका तेव्हा अगदी तरुण होत्या, त्यांनी शोध घेतला तर खरूज आली होती गावातून, शेतात बुजगावण्यांना घातलेल्या जुन्या कपड्यांवरून! गोरिला केळीच्या बागेत येतात, बुजगावण्याला हात लावतात, झालं. त्यातून त्यांना पटलं की गावातली माणसं आजारी राहिली तर गोरिला निरोगी राहूच शकत नाहीत, आणि २००३ मध्ये त्यांनी संस्था काढली ती गावात घरोघरी आरोग्यसेवा आणि कुटुंबनियोजन पोचवते आणि सोबत गोरिलांच्या शेणाचे नमुनेही तपासते.

शिवाय जागा तेवढीच. संख्या वाढली, जंगल नाही वाढलं, ग्रुप एकमेकांना जास्त भेटतात, मारामाऱ्या होतात, पिल्लं जातात. रवांडाने पार्क वाढवायचं काम हातात घेतलंय.

बाकीच्या तीन प्रकारांचं काय?

तिघेही अजून 'अतिशय धोक्यात' आहेत. ग्राउअर्सची गोष्ट वाईट, नव्वदच्या दशकात अंदाज १७ हजारांचा होता, २०२१ मध्ये काढलेला अंदाज ६,८०० च्या आसपास. मधे रवांडातला नरसंहार, मग काँगोची युद्धं, जंगलात सशस्त्र टोळ्या, खाणींवरची माणसं, आणि त्यांना खायला मांस कुठून, तर जंगलातून. पश्चिमेकडे इबोलाने कहर केला, २००२-०३ मध्ये काँगो रिपब्लिकच्या लोसी भागात हजारो गोरिला मेले असा अभ्यासकांचा हिशोब आहे. आकडा साडेतीन लाख ऐकून निर्धास्त होऊ नका, तो दरवर्षी अडीच-पावणेतीन टक्क्यांनी कमी होत होता.

मोबाईलमुळे गोरिला मरतात असं म्हणतात, ते कसं?

कोल्टन नावाचं खनिज असतं, त्यातून टँटलम मिळतं, ते फोन-लॅपटॉपमधल्या छोट्या कपॅसिटरमध्ये लागतं. पूर्व काँगोत काहुझी-बिएगासारख्या पार्कात बेकायदा खाणी झाल्या त्या याच्या आणि सोन्याच्या. आपल्या हातात काय, तर फोन चार वर्षं वापरा, कव्हर घाला, बॅटरी बदला, आणि जुना फोन ड्रॉवरमध्ये पाडून न ठेवता ई-वेस्टवाल्याला द्या.

तो सेल्फीतला गोरिला कोण होता?

२०१९ मध्ये काँगोच्या विरुंगा पार्कमधल्या रेंजरच्या मागे दोन गोरिला माणसासारख्या उभ्या आहेत तो फोटो ना? त्यातली एक एन्डाकासी. २००७ मध्ये दोन महिन्यांची असताना मारलेल्या आईला चिकटलेली सापडली, पार्कच्या अनाथालयात वाढली, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये आजारपणाने गेली तेव्हा तिला पहिल्या दिवसापासून वाढवणाऱ्या आंद्रे बाउमा या दुसऱ्या रेंजरच्या छातीवर डोकं ठेवून. तो शेवटचा फोटो मी मुलांना दाखवते तेव्हा वर्गात आवाज होत नाही. त्या पार्कचे दोनशेहून जास्त रेंजर्स आतापर्यंत ड्यूटीवर मारले गेलेत, हे मात्र फोटो फॉरवर्ड करताना कुणी लिहीत नाही.

तिथल्या गरीब लोकांपेक्षा गोरिला मोठे का?

रास्त प्रश्न. १९९१ मध्ये ब्विंडी नॅशनल पार्क झालं तेव्हा तिथे पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या बाट्वा लोकांना बाहेर काढलं, जमीन नाही, भरपाई नाही. आज टुरिस्टसमोर नाच करून आणि मजुरी करून पोट भरतात. गोरिला वाचले याचा मला आनंद आहे आणि त्याची किंमत बाट्वांनी दिली याची लाजही वाटते, दोन्ही एकदम. मेळघाटातली गावं उठवण्याच्या चर्चा ऐकलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला लागू नये. रवांडात पार्कच्या टुरिझमच्या उत्पन्नातले १० टक्के आजूबाजूच्या गावांसाठी जातात, शाळा, दवाखाने, पाणी. ब्विंडीत शेतात घुसलेल्या गोरिलांना अलगद जंगलात परत वळवायला गावातल्या स्वयंसेवकांच्या टीम्स आहेत. चांगलंय, पण केळीचा बाग गेलेल्या बाईला विचारलं तर ती पुरेसं म्हणणार नाही.

बघायला जायचंय, किती खर्च, काय नियम?

परमिटच महाग. रवांडात १,५०० डॉलर, म्हणजे सव्वा लाखाच्या वर, युगांडात ८०० डॉलर. यात मिळतो एक तास. एका ग्रुपकडे दिवसाला फक्त आठ माणसं, वय १५ च्या पुढे, अंतर १० मीटर, मास्क, फ्लॅश बंद. सर्दी झाली असेल तर स्वतःहून सांगा, पैसे गेले तरी चालतील पण वर जाऊ नका, वरची खरजेची गोष्ट आठवा. युगांडासाठी यलो फीव्हरची लस लागते, निदान दहा दिवस आधी घ्या, परत येताना मुंबईला लसीचं कार्ड बघतात. मुंबई-एंटेबे (युगांडातला विमानतळ) थेट विमान २०२३ पासून सुरू झालंय. बूट आधी पायात मुरलेले हवेत, हातमोजे बागकामाचे (आग लावणारी पानं!), आणि वर सामान उचलायला गावातला पोर्टर नक्की घ्या, तुम्ही धट्टेकट्टे असलात तरी, कारण तो पैसा सरळ त्याच्या घरी जातो.

भारतात कुठे दिसतो?

म्हैसूरच्या झूमध्ये. तिथे पोलो नावाचा एकटा गोरिला बरीच वर्षं होता, तो २०१४ मध्ये गेला, मग २०२१ मध्ये जर्मनीहून थाबो आणि डेंबा असे दोन नर आणले. हे वेस्टर्न लोलँड. माउंटन गोरिला जगात कुठल्याच झूमध्ये नाही.

माझ्या मुलीला गोरिलांवर काम करायचंय, सुरुवात कुठून करू?

दारातून. बारावी सायन्स, मग झूऑलॉजी किंवा व्हेटर्नरी, पुढे डेहराडूनच्या वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूटचा एमएससी, हा रस्ता आहेच. आणि एप्सच बघायचे असतील तर आपल्या देशात हूलॉक गिबन आहेत, आसामात जोरहाटजवळ होल्लोंगापारला. पण त्याआधी वही घेऊन जवळच्या गडावर किंवा देवळापाशी वानरांची टोळी असेल तिथे सलग दहा रविवार बसवा. दरवेळी त्याच जागी, त्याच वेळेला. पहिल्या दोन-तीन वेळा सगळी सारखीच दिसतील. मग एकीचा कान फाटलेला दिसेल, एकाची शेपूट आखूड, कोण कुणाच्या उवा काढतं, हुप्प्या उठला की पहिलं कोण उठतं. ब्विंडीचे ट्रॅकर्स हेच करतात. फक्त तिला सांगा की खायला काही टाकायचं नाही, आणि सर्दी असेल त्या रविवारी घरीच.